पहिली गिअरची गाडी : नव्वद हजारांत नवी शंभर सीसी घ्यावी की जुनी सव्वाशे?

रानवाटा
नमस्कार. मी मिरजेत राहते आणि अलीकडेच ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत क्षेत्र प्रतिनिधी म्हणून रुजू झाले आहे. काम तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतच्या बाजूच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांमधले आहे. तालुक्याच्या गावापर्यंत एसटीने जाता येते, पण तिथून बागेपर्यंत पोहोचायला कोणाच्या तरी गाडीची वाट पाहावी लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून स्वतःची मोटारसायकल घ्यायचे ठरवले आहे. रोजचा निम्मा रस्ता डांबरी आणि निम्मा मुरमाचा किंवा थेट रानातल्या वाटेचा असेल.

मला स्कूटर चालवता येते, पण गिअरची गाडी आजवर चालवलेली नाही. उंची पाच फूट एक इंच आहे. हेल्मेट, विमा, नोंदणी असे सगळे धरून नव्वद हजार रुपये जमवले आहेत आणि कर्ज शक्यतो काढायचे नाही. वडिलांचे म्हणणे आहे की स्कूटरच घ्यावी. कार्यालयातले सहकारी म्हणतात की घ्यायचीच असेल तर दीडशे सीसीच घे, नाहीतर वर्षभरात कंटाळशील. याच पैशांत नवी शंभर सीसीची गाडी येते किंवा तीन-चार वर्षे वापरलेली चांगली सव्वाशेची मिळते. नव्या चालकाने काय निवडावे, आणि निवडताना नेमके काय पाहावे?

घाटवाट
ताई, मी साताऱ्याचा. गाडीचे नाव ठरवण्याआधी एक गोष्ट करा. ज्या ज्या गाड्या मनात आहेत त्यांच्यावर प्रत्यक्ष बसा, कामावर घालता तेच बूट घालून बसा, आणि दोन्ही पाय जमिनीवर कितपत टेकतात ते पाहा. नव्या चालकाची गाडी वेगात असताना फारशी पडत नाही. ती पडते थांबताना, वळवताना, चढावर क्लच सोडताना, म्हणजे गाडी जवळजवळ उभी असताना. त्या क्षणी पाय टेकला तर गाडी सावरते, नाही टेकला तर आडवी होते. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढताना गर्दीत थांबून पुन्हा निघणारा प्रत्येक शिकाऊ चालक हे अनुभवाने शिकतो.

कागदावरची सीटची उंची हा निम्माच हिशेब असतो. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटर, शाइन १००ची ७८६ आणि रेडर १२५ची ७८० मिलिमीटर आहे, म्हणजे कागदावर रेडर सगळ्यांत खाली. पण सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या बाहेर ढकलल्या जातात आणि खाली असलेल्या सीटवरूनही टाच उचललेली राहते. म्हणून बसून पाहिल्याशिवाय आकड्यांवर जाऊ नका.

दुसरी गोष्ट वजनाची. शाइन १०० साधारण ९९ किलोची, स्प्लेंडर प्लस ११२ किलोची, रेडर १२३ किलोची आहे. पल्सर १५० ही १४८ किलोवर जाते. रानातल्या वाटेवर गाडी मागे ओढावी लागते, चिखलातून ढकलावी लागते, कधी आडवी झालेली उभी करावी लागते. तेव्हा त्या पंचवीस ते पन्नास किलोंचा फरक फार मोठा असतो.

महामार्ग
वरच्या प्रतिसादातला वजनाचा मुद्दा मान्य आहे, पण रस्त्याचा विचार त्यात आलेला नाही. मिरजेहून कवठेमहांकाळला जायचे म्हणजे रत्नागिरी–नागपूर महामार्ग आला. शंभर सीसीच्या गाडीचे इंजिन आठ अश्वशक्तीच्या आसपासचे असते. पन्नास-साठच्या वेगाला ती उत्तम चालते, पण सत्तरच्या पुढे तिच्यात फारसे काही शिल्लक राहत नाही. मालवाहू ट्रक ओलांडायला सुरुवात केली आणि निम्म्यात समोरून गाडी आली, तर मूठ पिळूनही वेग वाढत नाही. माझ्या मते महामार्गावर रोज जाणाऱ्याने दीडशेच घ्यावी, आणि पैसे कमी पडत असतील तर जुनी दीडशे घ्यावी. दीड वर्षाने गाडी बदलायची वेळ आली तर नव्या गाडीच्या घसरलेल्या किमतीत जे नुकसान होते, तेही वाचते.

कृष्णाकाठ
@महामार्ग, तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि हे मी गिअरची गाडी रोज चालवणारी बाई म्हणून लिहिते आहे. ट्रक ओलांडता येत नसेल तर तो ओलांडू नये, हे नव्या चालकाने पहिल्या दिवसापासून अंगी बाणवायचे असते. दीडशे सीसीच्या गाडीवर ओलांडण्याची ताकद मिळते, पण कधी ओलांडावे हा अंदाज मिळत नाही. तो अंदाज यायला काही महिने जातात आणि त्या महिन्यांत हातात सौम्य गाडी असणे हिताचे ठरते. मूठ थोडी जास्त पिळली गेली तर शंभर सीसीची गाडी फक्त आवाज करते, मोठी गाडी उसळी घेते.

शिवाय धागाकर्तीने लिहिले आहे की निम्मा रस्ता मुरमाचा आहे. तिथे वेगाला काही अर्थ नसतो. तिथे कमी वेगात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर न अडखळता चालणारी, हलकी आणि अरुंद गाडी हवी.

रानवाटा, वडिलांच्या मताबद्दलही लिहिते. त्यांची काळजी रास्त आहे, पण तुमच्या वाटांसाठी मोटारसायकल अधिक सुरक्षित आहे हे त्यांना समजावून सांगता येईल. स्कूटरची चाके दहा किंवा बारा इंचांची असतात, स्प्लेंडरची अठरा इंचांची आणि शाइन १००ची सतरा इंचांची. खड्ड्यात किंवा सुट्या मुरमावर लहान चाक अडकते आणि हँडल हिसका देते, मोठे चाक त्यावरून निघून जाते. शोरूममध्ये मुलगी दिसली की विक्रेते न विचारता स्कूटरकडे नेतात. तुम्ही आपल्या कामाचा रस्ता कसा आहे ते स्पष्ट सांगा आणि मोटारसायकलच दाखवायला सांगा.

पान्हा
माझे माधवनगरला गॅरेज आहे. नव्या-जुन्याच्या प्रश्नावर मला जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो, कारण सांगली-मिरजेत जुनी गाडी घेताना इतर गावांपेक्षा एक गोष्ट अधिक तपासावी लागते, ती म्हणजे पूर.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. दोन्ही वेळी कितीतरी दुचाक्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. त्यांतल्या पुष्कळशा धुऊन, ऑइल बदलून, रंग मारून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि आजही विकल्या जातात. बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. हेडलाइटचा डोम उघडून आतल्या कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची रेघ आहे का ते पाहावे. सीट काढून खालच्या पत्र्यावर गंज किती आहे ते पाहावे. वायरिंगचे कपलर सोडवून आतल्या पिना हिरवट पडल्या आहेत का ते पाहावे. किल्ली फिरवताना कचकच जाणवते का, मीटरच्या काचेत बाष्प धरते का, हेही बघावे. एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले आणि गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. कार्बोरेटरची गाडी पुरातून निघाली तर साफ करून चालते, पण इंजेक्शनच्या गाडीतले सेन्सर आणि नियंत्रण करणारा संगणकी भाग एकदा भिजला की कुठल्या महिन्यात कोणता दोष निघेल ते सांगता येत नाही. म्हणून २०२१च्या पुरापूर्वीची बीएस ६ गाडी घेताना दुप्पट काळजी घ्यावी. मध्येच विम्याचा खंड पडला असेल तर त्याचे कारण विचारावे.

आता इतर तपासणी. गाडी पाहायला जाताना मालकाला आधी सांगून ठेवा की ती सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. ते गरम असेल तर थंड इंजिन सुरू होण्यातला काहीतरी दोष लपवण्यासाठी आधीच सुरू करून ठेवलेले असू शकते. थंड इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल, तर इंजिन ऑइल जाळते आहे आणि ब्लॉक-पिस्टनचा खर्च समोर उभा आहे. डबल स्टँडवर लावून पुढचे चाक उचला आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखे होत असेल तर हँडलचे कोनसेट, म्हणजे बेअरिंग, गेले आहेत. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओला थर नको. चेन सॉकेटचे दाते आकड्यासारखे एका बाजूला वाकले असतील तर ती जोडी बदलावी लागणार. मीटरवर किलोमीटर कमी आणि पाय ठेवायचे रबर, ब्रेकची पट्टी, किकचे रबर झिजलेले, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये. टायरवर चार अंकांची खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक होते आणि पावसात घसरते.

हे सगळे तपासणारा माणूस सोबत असेल तर जुनी सव्वाशे जरूर घ्यावी. नसेल तर पहिल्या गाडीसाठी नवी शंभर बरी. गाडी शिकणाऱ्याला तिच्यात दोष कोणता आणि आपल्या चालवण्यात चूक कोणती, हे वेगळे ओळखता येत नाही. गिअर अडकतो तो आपण क्लच नीट दाबत नाही म्हणून की क्लचप्लेट गेली म्हणून, हा संभ्रम नव्या गाडीवर होत नाही.

हळदबाजार
पान्हा यांच्या प्रतिसादाला कागदपत्रांची पुरवणी जोडतो. जुनी गाडी घेतानाचा पहिला व्यवहार पैशांचा नसून नावाचा असतो. परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची मुदत, पीयूसी, थकलेली चलने आणि बँकेचा बोजा पाहून घ्यावा. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. सह्या केलेले कोरे फॉर्म खिशात घेऊन वर्षभर फिरणारे लोक आपण पाहतो, पण अपघात झाला तर कागदोपत्री मालक आणि प्रत्यक्ष चालक वेगळे निघतात आणि दोघेही अडकतात. एमएच १० सोडून एमएच ०९, ११ किंवा ५० अशा शेजारच्या कार्यालयांकडची गाडी असेल तर व्यवहारापूर्वीच सांगलीच्या कार्यालयात कोणते कागद लागतील ते विचारून घ्यावे.

वाघनखे
बुलेट घ्या. एकदाच घ्यायची आणि आयुष्यभर वापरायची.

घाटवाट
@वाघनखे, धागाकर्तीचा प्रश्न पहिल्या गाडीचा आणि नव्वद हजारांचा आहे. क्लासिक ३५० ही १९५ किलोची आणि हंटर ३५० ही १८१ किलोची आहे. पाच फूट एक इंच उंचीच्या व्यक्तीला चढावर, मुरमावर ती मागे घेता येणार नाही असे मी म्हणत नाही, सरावाने सगळे येते. पण तो सराव त्याच गाडीवर पहिल्या दिवसापासून करणे योग्य नाही, आणि रक्कमही त्यात बसत नाही. शिवाय विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्याचे टप्पे ७५, १५० आणि ३५० सीसीला बदलतात. दीडशेच्या वर गेले की हप्ता चांगलाच वाढतो.

मोजमाप
नव्वद हजारांचा हिशेब मांडतो, कारण पुष्कळ नवे खरेदीदार एक्स-शोरूम किंमत पाहून ठरवतात आणि ऐन वेळी पैसे कमी पडले म्हणून हेल्मेटमध्ये काटकसर करतात.

२२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली असे धरले तर एक्स-शोरूम किंमत सुमारे पावणेआठ टक्क्यांनी उतरते. त्यामुळे शंभर सीसीच्या गाड्या तुमच्या रकमेत आरामात बसतात. एक्स-शोरूमवर रस्ता कर, नोंदणी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि विमा चढतो. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या वेळी विम्याची रक्कम मोठी दिसते. तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही, बाहेरून दर विचारून घ्यावेत. मालक-चालकाचे पंधरा लाखांचे अपघात संरक्षण मात्र सोडू नये. बिलात हाताळणी शुल्क, टेफ्लॉन कोटिंग, सक्तीचे ॲक्सेसरी पॅकेज अशा नोंदी दिसल्या तर त्या काढायला लावाव्यात. ऑन-रोड किमतीची प्रत्येक बाब वेगळी लिहून मागितली की अर्ध्या नोंदी आपोआप गळतात.

याखेरीज पाच हजार रुपये बाजूला ठेवाच. त्यांतून आयएसआय खुणेचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि चांगला रेनकोट यायला हवा. १ जून २०२१पासून आयएसआय खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरीही रस्त्याकडेला टोपीसारखी हेल्मेटे विकली जातात, ती घेऊ नयेत. हेल्मेट डोक्यावर घालून पट्टा बांधावा आणि मागून वर उचलून पाहावे. ते निघून येत असेल तर एक माप लहान घ्यावे.

कर्जाबद्दल तुमचा विचार योग्य आहे. कधी काढावेच लागले तर फ्लॅट दर (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) आणि घटत्या शिलकीवरचा दर (उरलेल्या रकमेवरच व्याज) यांतला फरक विचारा. तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ अठरा टक्के पडतात.

पेट्रोलचाही हिशेब करा. महिन्याला हजार किलोमीटर धरले, आणि एक गाडी साठचे ॲव्हरेज देते तर दुसरी पंचेचाळीसचे, तर दर महिन्याला साडेपाच लिटरचा फरक पडतो. क्षेत्र प्रतिनिधीचा प्रवास भत्ता बहुधा किलोमीटरवर मिळतो, त्यामुळे ही बचत थेट तुमच्याकडे राहते.

डाळिंबबाग
कोणी सीएनजीच्या गाडीचा विचार मांडला नाही. बजाज फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली. तिच्यात दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल राहते. फिरतीच्या कामाला ती स्वस्त पडेल असे वाटते.

कृष्णाकाठ
@डाळिंबबाग, इंधन खर्चाच्या दृष्टीने मुद्दा बरोबर आहे, पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि वजन दीडशे किलोच्या घरात जाते. धागाकर्तीच्या उंचीला ती पहिली गाडी म्हणून जड जाईल. शिवाय जतच्या बाजूला सीएनजी पंप वाटेवर कुठे आहेत ते आधी पाहावे लागेल.

महामार्ग
वरचे सगळे प्रतिसाद वाचले. दीडशेचा आग्रह मी सोडतो, पण ब्रेकचा मुद्दा कोणीच मांडला नाही आणि माझ्या दृष्टीने तो इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१९पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस देणे बंधनकारक झाले. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. चाक अडकून घसरू नये याची काळजी मात्र एबीएसच घेतो. मुरमावर किंवा ओल्या रस्त्यावर घाबरून पुढचा ब्रेक करकचून धरला तर चाक अडकते आणि गाडी खालून निघून जाते. सव्वाशे गटात हिरो एक्स्ट्रीम १२५आर या गाडीला एका चाकाचा एबीएस मिळतो. नवी घ्यायला रक्कम अपुरी पडत असेल तर थोडे थांबून, आणखी पैसे जमवून तीच घ्यावी, असे माझे मत आहे.

पान्हा
ब्रेकचे महत्त्व मान्य. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, आणि बहुतेक नवे लोक फक्त पायाचा ब्रेक वापरतात. त्यामुळे शक्य असेल तर पुढे डिस्क असलेली आवृत्ती घ्यावी. परंतु केवळ एबीएससाठी काही महिने थांबून नोकरीत एसटीवर अवलंबून राहावे, हे मला पटत नाही. ड्रम ब्रेक व्यवस्थित ॲडजस्ट केलेला असेल आणि वेग पन्नासच्या आत असेल तर शंभर सीसीची गाडी नीट थांबते. साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते, चाळीसला अकरा. ब्रेक लागण्याआधीच हा फरक पडलेला असतो. कोणताही ब्रेक असो, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबायचा सराव मोकळ्या जागेत करावा.

उसाचा_मळा
मला एक वेगळी सूचना करायची आहे. गाडी संध्याकाळी अंधार पडल्यावर चालवून पाहा. आपल्या भागात दिवाळीपासून मार्चपर्यंत गाळप हंगाम असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जातो, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याच्या बातम्या दर हंगामात वाचतो. तुमचे काम बागांचे असल्याने परतायला उशीर होणार. म्हणून दिव्याचा झोत किती लांब आणि किती रुंद पडतो हे पाहा. २०१७पासून दुचाकीचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो, त्यामुळे तो चालू दिसला यावर समाधान मानू नका. शोरूमच्या उजेडात त्याची परीक्षा होत नाही. माझा आग्रह आहे की हंगामात अंधार पडल्यावर वेग चाळीसच्या आतच ठेवावा.

घाटवाट
उसाचा_मळा यांच्या सूचनेला माझा पूर्ण दुजोरा आहे. शिकण्याबद्दल थोडे लिहितो. शिकाऊ परवाना काढताना गिअर असलेल्या मोटारसायकलचाच काढा. त्यावर बिनगिअरची स्कूटरही चालवता येते, उलट मात्र चालत नाही. तुमचा सध्याचा परवाना फक्त बिनगिअरचा असेल तर तो वाढवून घ्यावा लागेल. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्या काळात गाडीला पुढे-मागे एल लावावा लागतो आणि शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही मागे बसवता येत नाही.

गिअरच्या रचनेकडेही लक्ष द्या. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. रेडर किंवा पल्सरसारख्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. दोन्हींपैकी काहीही चालते, पण एका गाडीवर शिकून लगेच दुसऱ्या रचनेच्या गाडीवर गेले तर गोंधळ होतो. ज्या रचनेची गाडी घ्यायची आहे त्याच रचनेच्या गाडीवर शिका. पहिले काही दिवस फक्त क्लच आणि चढावर निघणे एवढेच करा. मागचा ब्रेक धरून ठेवायचा, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, इंजिनाचा आवाज थोडा जड झाला की ब्रेक सोडायचा. सांगलीत चढ कमी आहेत, म्हणून पुलाचा चढ वापरा, मात्र पहाटे. आणि कधी साताऱ्याला आलात तर यवतेश्वरच्या घाटात उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. दुसऱ्या गिअरवर ठेवा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेक तापत नाहीत.

रानवाटा
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी वडिलांना सोबत घेऊन गाड्या पाहून आले. घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे कामाचे बूट घालून बसले. रेडरवर टाचा उचललेल्या राहिल्या, स्प्लेंडर आणि शाइन १०० या दोन्हींवर पाऊल व्यवस्थित टेकले. कृष्णाकाठ यांचा चाकांचा मुद्दा वडिलांना तिथेच पटला. त्यांनी स्वतः दोन्ही चाके शेजारी शेजारी पाहिली आणि स्कूटरचा विषय पुन्हा काढला नाही.

विश्रामबागेत एक जुनी सव्वाशेही पाहिली. बाहेरून अगदी चकचकीत होती. मालकाला विनंती करून हेडलाइट उघडायला लावला, तर आत गाळाची स्पष्ट रेघ होती. पान्हा यांचा प्रतिसाद वाचला नसता तर कदाचित तिथेच आगाऊ रक्कम दिली असती.

आता नवी शंभर सीसी नक्की केली आहे, आणि दोन्हींतली एक या आठवड्यात ठरवेन. @महामार्ग, एबीएसचा तुमचा मुद्दा मला पटतो, पण सध्या काम अडते आहे. महामार्गावर पन्नासच्या पुढे जायचे नाही असे मी ठरवले आहे. @पान्हा, गाडी ताब्यात घेताना काय पाहावे, आणि पुढे वाटेत काही झाले तर मी स्वतः काय करू शकते, हे सांगाल का?

महामार्ग
निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, त्यामुळे आणखी वाद घालत नाही. दोन्हींतली निवड करताना तुमच्या रोजच्या वाटेवर कोणत्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग सहज मिळतात ते पाहा. कवठेमहांकाळ किंवा जतच्या साध्या गॅरेजात क्लच केबल आणि ब्रेक शू लगेच मिळणारी गाडी फिरतीच्या माणसाच्या जास्त कामाची असते.

पान्हा
ताई, गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्या. चेसिस आणि इंजिनवर कोरलेले क्रमांक बिलातल्या आणि विम्यातल्या क्रमांकांशी एकेक अक्षर जुळवून पाहा. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारा आणि फार जुनी असेल तर दुसरी मागा. ब्रेकची पट्टी, क्लचचा खेळ आणि आरसे तुमच्या हाताच्या मापाने तिथेच लावून घ्या. तुमची बोटे लहान असतील तर क्लचची पट्टी थोडी जवळ येईल अशी केबल ॲडजस्ट करता येते. शोरूममध्ये टायरमध्ये हवा बऱ्याचदा जास्त असते, ती गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, नाहीतर मुरमावर गाडी नाचते. साडीगार्ड काढू नका. ओढणी आणि रेनकोटची टोके मागच्या चाकात जाण्यापासून तोच वाचवतो.

पहिल्या सर्व्हिसपर्यंत इंजिन फार पिळू नका आणि एकाच वेगाला लांबवर नेऊ नका. सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरलाच करा, कारण त्या वेळी बदललेल्या ऑइलमधून इंजिनाच्या सुरुवातीच्या झिजेचा कीस बाहेर पडतो. चेनची ढिलाई दोन-अडीच सेंटिमीटर ठेवा. मुरमाच्या धुळीत चेन लवकर कोरडी पडते, म्हणून आठवड्याला पुसून तेल द्या. सीटखाली एक स्पार्क प्लग, प्लगचा पाना, क्लच केबल आणि पंक्चरवाल्याचा दूरध्वनी लिहिलेला कागद ठेवा. केबल नव्या गाडीला लगेच लागणार नाही, पण जतकडे जाताना ती जवळ असलेली बरी. डिलिव्हरीच्या दिवशी जमले तर इकडून या, चेन, ब्रेक आणि क्लच कसे ॲडजस्ट करायचे ते तुमच्याच हातांनी करून घेऊ. त्याचे पैसे घेणार नाही.